टूल बोथट झालं ते कळतं, मग देवाचा आवाज का कळत नाही?

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारे बंधू ३१ वर्षांचे, बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर धातू कातून सुटे भाग करणारे. नोकरीला नऊ वर्षं झाली. घरी आई, पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी. घराणं तीन पिढ्या मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीतलं. एप्रिलमध्ये एका उज्जीवन सभेत बाहेरून आलेल्या प्रवचनकारांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि त्यांच्यासाठी देवाचा संदेश असल्याचं सांगितलं. प्रवचनकार इंग्रजीत बोलत होते, एक भाऊ ते कन्नडात सांगत होता. तेव्हापासून प्रार्थनागटातले मित्र म्हणताहेत, देवाने तुला पूर्णवेळ सेवेसाठी बोलावलंय; नोकरी सोड, पीएफ काढ आणि दोन वर्षांच्या बायबल प्रशिक्षणाला जा. फॉर्मची शेवटची तारीख ३१ जुलै. पत्नी तयार नाही. मित्रांच्या मते तिचा अविश्वास आड येतोय.

ते लिहितात: “ताई, दर शुक्रवारी मी पाणीसुद्धा न पिता उपास करतो. डोळे मिटून बायबल उघडतो. एकदा ‘आपला देश सोड’ निघालं, दुसऱ्या दिवशी ‘ज्या स्थितीत पाचारण झालं त्यातच राहा’ निघालं. ग्रुपमधल्या सगळ्यांशी देव रोज बोलतो. मशीनचा आवाज बदलला की टूल बोथट झालं हे मला पाठमोरा उभा असलो तरी कळतं. देवाचा आवाज तेवढा कळत नाही. माझ्यात काही पाप राहिलंय का? की देव माझ्याशी बोलतच नाही?”

प्रिय बंधू,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेतली, कारण काहीतरी खटकत होतं आणि ते नेमकं काय हे सापडत नव्हतं. मग सापडलं. पहिल्या पानावर तुम्ही लिहिलंय की प्रवचनकार म्हणाले, ‘देव तुझा उपयोग करून घेणार आहे.’ तिसऱ्या पानावर त्याचं ‘देवाने मला सेवेसाठी वेगळं केलंय’ असं झालंय. आणि शेवटच्या पानावर तुम्ही लिहिता, ‘देवाने नोकरी सोडायला सांगितलंय आणि मी आज्ञा मोडतोय.’

यात तुमचा खोटेपणा मुळीच नाही. ते वाक्य इंग्रजीतून कन्नडात आलं, कन्नडातून तुमच्या मनातल्या मराठीत, तिथून ग्रुपमध्ये गेलं आणि ग्रुपमधून परत तुमच्याकडे आलं. आपण सीमाभागातली माणसं, हे आपल्याला नवीन नाही. कचेरीतला कागद कन्नडात येतो, कुणीतरी वाचून मराठीत सांगतो, आणि तो घरी पोचेपर्यंत ‘अर्जात एक दाखला कमी आहे’चं ‘अर्ज फेटाळला’ झालेलं असतं. म्हणून आपले वाडवडील पुन्हा विचारायचे, अरे पण कागदावर लिहिलंय काय? तोच प्रश्न इथं विचारा. सभेचं रेकॉर्डिंग कुणाच्या तरी मोबाईलवर असेल. ज्या भावाने कन्नडात सांगितलं तो ओळखीचा असेल, त्याला गाठा. नोकरी हा शब्द त्या रात्री कुणाच्या तोंडून निघाला होता का? पीएफ हा शब्द?

देवाचा आवाज ऐकायला शिकणं माझ्या मते इथूनच सुरू होतं. जेवढं बोललं गेलं तेवढंच ऐकायचं, पदरचं काही घालायचं नाही. माणसांच्या बाबतीत जमलं नाही तर देवाच्या बाबतीत कसं जमेल?

आता तुमचा सगळ्यात जड प्रश्न. देव बोलत नाही म्हणजे माझ्यात पाप आहे का? शमुवेलाची गोष्ट तुम्ही शब्बाथशाळेत शिकला असाल. मुलगा मंदिरात झोपलाय, हाक येते, तो उठून म्हाताऱ्या याजक एलीकडे धावतो. एकदा नाही, तीनदा. शास्त्र त्याचं कारणही देतं: शमुवेलाला अजून परमेश्वराची ओळख झाली नव्हती. त्याच्या पापाचं तिथं नावसुद्धा नाही. त्याला हाक स्पष्ट ऐकू येत होती, ती कुणाची हे तेवढं कळत नव्हतं. आणि त्याला ती कुणाची वाटली? एलीची. रोज ज्याच्या हाताखाली काम करायचं त्या घरच्यासारख्या म्हाताऱ्याची. इतका तो आवाज साधा होता. तुम्ही अंगावर काटा आणणाऱ्या आवाजाची वाट बघत असाल तर कदाचित साधा आवाज रोज येऊन जात असेल आणि ‘हा तर माझाच विचार’ म्हणून तुम्ही उठून दुसऱ्याच कुणाच्या खोलीत धावत असाल.

त्या गोष्टीत मला एली जास्त शिकवून जातो. तिसऱ्यांदा त्याच्या लक्षात येतं की मुलाला देव हाक मारतोय. मग तो काय करतो? देव तुला अमुक सांगतोय असं तो म्हणत नाही. जा, पुन्हा निजून राहा, हाक आली तर म्हण, ‘बोल, तुझा दास ऐकत आहे.’ मुलाला त्याच्या अंथरुणावर परत पाठवतो आणि स्वतः बाजूला राहतो. सकाळी मात्र आठवणीनं विचारतो, काय सांगितलं ते माझ्यापासून लपवू नकोस. तुमच्या ग्रुपमध्ये असं कुणी आहे का? असेल तर त्या एकाकडे जात राहा. बाकीच्यांचं तुमच्यावर प्रेम असेल, मला त्याची शंका नाही. पण त्यांनी तुमच्या वाट्याचा मजकूरही तुमच्या आधी ऐकून ठेवलाय.

आणि ते मशीनचं वाक्य. त्यावर मी बराच वेळ थांबले. माझे दीर तुमच्याच लाईनीत होते. ते सांगायचे, पहिले सहा महिने सगळं शॉप म्हणजे एकच गोंगाट वाटायचा, रात्री उशीवर डोकं टेकलं तरी कानात घूं चालू. मग हळूहळू आवाज सुटे व्हायला लागले. धार चांगली असताना चिप कशी सुळसुळत सुटते, कास्टिंगमध्ये कडक जागा लागली की कसं चिरकतं, बेअरिंग जाणार असेल तर आधी खालून कशी घरघर येते. कुणी त्यांना आवाजांची यादी लिहून दिली नव्हती. त्याच मशीनपाशी रोज आठ तास उभं राहून कान तयार झाला. ‘माझी मेंढरे माझी वाणी ऐकतात’ असं प्रभू म्हणतो ते याच अर्थानं असावं. सुगी झाल्यावर आपल्याकडे शेतात धनगरांचा वाडा बसतो तेव्हा बघा. पाणवठ्यावर दोघांची मेंढरं एकमेकांत मिसळतात, आणि मालकानं नुसता तोंडानं आवाज केला की आपापली वेगळी होतात. त्या मेंढरांनी काही उपास केलेला नसतो. जन्मापासून त्या माणसाच्या मागे चालली आहेत, एवढंच.

पण मला एक सांगा. आवाजावरून टूल ठीक वाटलं म्हणून तुम्ही जॉब, म्हणजे कातलेला भाग, तसाच पुढे पाठवता का? मायक्रोमीटर लावता. बोअर, म्हणजे आतलं भोक, असेल तर मापाचं गेज घालून बघता, ‘गो’ जातं का, ‘नो गो’ अडतं का. तुम्ही गेज हातात घेतलं म्हणून सुपरवायझर कधी म्हणाला का, की याचा मशीनवर विश्वास नाही? मग संदेश तपासून बघणं हा अविश्वास कसा झाला? पौल थेस्सलनीकाकरांना एका दमात दोन्ही सांगतो: संदेश तुच्छ मानू नका, आणि सगळ्याची पारख करा. तुमच्या मित्रांनी पहिलं अर्धं वाक्य धरलंय. सगळेच संदेश थोतांड म्हणणारी आमच्या पिढीतली काही माणसं दुसरं अर्धं धरतात. वाक्य अख्खं आहे.

तुम्ही मेथडिस्ट आहात म्हणून हेही सांगते. आपल्या पंथाचा पाया घालणाऱ्या जॉन वेस्लीला २४ मे १७३८ रोजी लंडनच्या एका सभेत आपलं हृदय विलक्षण उबदार झाल्याचा अनुभव आला, ही गोष्ट उज्जीवन सभांतून नेहमी सांगितली जाते. त्याच वेस्लीने पुढे आपल्या लोकांना बजावलं की कुठलीही गोष्ट घाईनं देवाच्या नावावर घालू नका; स्वप्नं, आवाज, मनात उठणाऱ्या ऊर्मी, दर्शनं ही देवाकडचीच आहेत असं सहजासहजी धरून चालू नका, ती शास्त्रावर तपासा. अनुभव आलेल्या माणसाचंच हे सांगणं आहे, म्हणून मला ते मोलाचं वाटतं.

ही ताकीद मी स्वतः अंगावर घेतलेली आहे. पंचविशीत असताना आमच्या मंडळीतल्या एका बाईंना पोटाचा कॅन्सर झाला. आम्ही चौघीजणी रोज संध्याकाळी त्यांच्या घरी प्रार्थनेला जायचो. एका संध्याकाळी माझं मन इतकं भरून आलं, इतकी शांती वाटली, की मी त्यांच्या मुलीचा हात धरून म्हटलं, देवाने मला सांगितलंय, आई बरी होणार. घरातले सगळे रडले. त्या आनंदात त्यांनी बेळगावच्या डॉक्टरांची पुढची तारीख चुकवली. बाई सात आठवड्यांनी गेल्या. तारीख पाळली असती तर त्या वाचल्या असत्या असं डॉक्टरही म्हणाले नाहीत, पण शेवटच्या दुखण्याला औषध वेळेवर मिळालं असतं. मातीनंतर ती मुलगी माझ्याकडे आली आणि तिनं अगदी शांतपणे विचारलं, “ताई, देव तुम्हाला खोटं बोलला का?”

त्या प्रश्नाला माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं. नंतर तिच्या घरी जाऊन मी माफी मागितली आणि म्हटलं, देव खोटं बोलला नाही. मला तुझी आई हवी होती, आणि माझ्या त्या हवेपणाला मी देवाचं नाव दिलं. तेव्हापासून मी ‘मला असं वाटतं’ म्हणते. ‘देवाने सांगितलं’ हे शब्द माझ्या तोंडून फार क्वचित निघतात, आणि दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल तर निघतच नाहीत. तुमच्या मित्रांनाही एवढंच विचारून बघा की ‘देव म्हणतो’च्या ऐवजी ‘आम्हाला वाटतं’ असं म्हणाल का. जे तयार होतील त्यांच्याबरोबर बसून बोलता येईल.

बायबल डोळे मिटून उघडण्याबद्दल. आपल्या भागात देवळात कौल लावतात हे तुम्ही लहानपणापासून बघितलं असेल. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, उजवीकडची पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. आपल्या शेजाऱ्यांची ती श्रद्धा आहे, तिच्याबद्दल मला वावगं बोलायचं नाही. पण आपण पवित्र शास्त्र हातात घेऊन तेच करत असलो तर निदान ते ओळखावं. मुलगा बापाला कौल लावत नाही. जवळ जाऊन बसतो, विचारतो, बापाचं सगळं म्हणणं ऐकून घेतो. तुम्हाला दोन दिवसांत दोन उलट वचनं निघाली, आणि मला वाटतं तेही बरंच झालं. एकच निघालं असतं तर तुम्ही आतापर्यंत राजीनामा दिला असता.

तुम्ही लिहिलंय की ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत तुम्हाला वचनाची चिठ्ठी निघाली ती यिर्मया २९:११ची. ‘तुमच्याविषयी माझे हिताचे संकल्प आहेत’ हे ते वचन. ती चिठ्ठी पाकिटातून काढा आणि आता तिच्या मागचंपुढचं वाचा. हे पत्र आहे, यरुशलेमहून बाबेलला, परक्या मुलखात नेलेल्या लोकांना लिहिलेलं. तिथं काही संदेष्टे त्यांना सांगत होते की लवकरच सुटका आहे. संदेष्टा यिर्मया देवाच्या वतीनं लिहितो: घरं बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा, लग्नं करा, मुलंबाळं होऊ द्या, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. आणि तुमच्या चिठ्ठीच्या बरोबर आधीच्या ओळीत म्हटलंय, सत्तर वर्षं. त्या चिठ्ठीत तुम्हाला ‘लवकर निघ’ ऐकू आलं. पत्र लिहिणारा सांगत होता, राहा, मळा लाव. तुम्ही जाऊच नये असा याचा अर्थ मी काढत नाहीये. तसा काढला तर मीही कौलच लावला. एवढंच म्हणते की चिठ्ठीवर मावतं तेवढं ऐकणं म्हणजे दारातून जाणाऱ्याचे दोन शब्द ऐकणं.

म्हणून माझी पहिली सूचना: यिर्मया अख्खा वाचा. ५२ अध्याय आहेत, रोज एक. पहाटेच्या शिफ्टला निघायच्या आधी किंवा परतीच्या बसमध्ये, जिथं जमेल तिथं. देवाचं बोलणं ऐकणाऱ्या माणसाचं सबंध आयुष्य त्यात आहे, आणि ते तुमच्या ग्रुपमध्ये सांगतात त्याच्याशी फारसं जुळत नाही. २३व्या अध्यायात ‘मला स्वप्न पडलं, मला स्वप्न पडलं’ म्हणणारे आणि एकमेकांपाशी ऐकलेली वचनं देवाची म्हणून सांगणारे भेटतील. २८व्यात हनन्या भेटेल, ज्याचा संदेश सगळ्यांना हवाहवासा होता आणि खोटा होता. ४२व्यात लोक जिवाच्या भीतीनं यिर्मयाकडे येतात, आम्ही कुठं जावं ते देवाला विचार म्हणतात, आणि वचन यायला दहा दिवस लागतात. दहा दिवस त्यानं काहीच सांगितलं नाही. संकट दारात असतानाही तो थांबू शकला, आणि आपल्याला फॉर्मची तारीख थांबू देत नाही.

पण माझं सगळ्यात आवडतं ३२व्या अध्यायात आहे. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय, यिर्मया राजवाड्यातल्या पहाऱ्याच्या चौकात कैदेत आहे. त्याला वचन येतं की तुझा चुलतभाऊ हनामेल येईल आणि अनाथोथातलं शेत विकत घे म्हणेल. मग हनामेल खरोखर येतो, तेच बोलतो. आणि यिर्मया लिहितो, तेव्हा मला समजलं की हे परमेश्वराचं वचन आहे. तेव्हा! एवढा मोठा संदेष्टा, पण वचन आलं तेव्हा त्याची खात्री झालेली नव्हती. ती चुलतभाऊ दारात उभा राहिल्यावर झाली. मग त्यानं सतरा शेकेल चांदी तोलून दिली, खत लिहिलं, साक्षीदार घेतले, कागद मडक्यात ठेवले. इतका रीतसर व्यवहार. तुम्हाला आतून काही वाटत असेल तर वाटू द्या. हनामेल येतो का ते बघायला वेळ द्या.

आपल्याच भागातला एक माणूस इथं आठवतो. बाबा पदमनजी, ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिणारे. १८३१ साली बेळगावात जन्मले, इथल्याच मिशन शाळेत शिकले, आणि १८५४ मध्ये इथंच त्यांचा बाप्तिस्मा झाला. शाळेत शास्त्र कानावर पडलं तिथून बाप्तिस्म्यापर्यंत मध्ये कित्येक वर्षं गेली. वाचन, वाद, भीती, घरच्यांची ओढ, पुन्हा वाचन. या सगळ्या घालमेलीची हकिगत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आणि तिला नाव दिलं ‘अरुणोदय’. खानापूरच्या जंगलाकडच्या गावात तुम्ही राहता, पावसाळ्यातला अरुणोदय तुम्ही रोज बघता. धुक्यात आधी समोरचा माड दिसतो, मग गोठा, मग रस्ता. अमुक मिनिटाला उजाडलं असं कुणाला सांगता येत नाही, तरी बस पकडण्याइतकं दिसतंच.

आता नोकरी. तुमच्या पत्रात सगळीकडे ‘सेवा’ एका बाजूला आहे आणि ‘नुसती नोकरी’ दुसऱ्या बाजूला. तो ‘नुसती’ शब्द मला सोडवेना. यिर्मयाच्याच १८व्या अध्यायात देव त्याला म्हणतो, ऊठ, कुंभाराच्या घरी जा, तिथं मी तुला माझी वचनं ऐकवीन. मंदिरात नाही, डोंगरावर नाही, कामाच्या जागी, फिरत्या चाकापाशी. खानापूरच्या कुंभारांचं चाक तुम्ही बघितलेलं आहे. लेथचा जॉब धरून फिरणारा भाग म्हणजे चक, त्याच्यापाशी तर तुम्ही रोज आठ तास उभे असता. तिथं देव बोलणार नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं? पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करत होता आणि दर शब्बाथाला सभास्थानात बोलत होता. आपल्या मेथडिस्ट मंडळीत तर लोकल प्रीचरची वाट पहिल्यापासून आहे. नोकरी-धंदा सांभाळून उपदेश करणारी, गावोगावच्या उपासना चालवणारी माणसं. तुमच्या पाळकांना त्याबद्दल विचारलंत का? सबंध पत्रात पाळकांचा उल्लेखच नाही, याचं मला नवल वाटलं. ते काही चुकत असतील, जुन्या वळणाचे असतील, तरी त्यांनी तुमच्या मुलीला बाप्तिस्मा दिलाय. त्यांच्याकडे आधी जा.

हे वर्ष असं घालवून बघा: गावातल्या मुलांची शब्बाथशाळा घ्या, महिन्यातून दोनदा आजाऱ्यांना भेटायला पाळकांबरोबर जा, एखाद्या रविवारी छोटा संदेश द्या. बोलावणं खरं असेल तर ते या कामात वाढेल, आणि मंडळीलाही ते दिसायला लागेल. वर्षभर उत्साह टिकला, आणि घरातली माणसंही ‘होय, हा यासाठीच आहे’ म्हणाली, तर मग प्रशिक्षणाचा विचार डोळे उघडे ठेवून करा. तेव्हा त्या संस्थेला सरळ प्रश्न विचारा. शिकवणारे कोण, अभ्यासक्रम काय, सेरामपूर कॉलेजच्या सिनेटशी किंवा अशा एखाद्या जाणत्या संस्थेशी संलग्न आहे का, एकूण खर्च किती, दोन वर्षांनी पुढं काय. सेवेच्या मार्गावर पैशाचे प्रश्न विचारू नयेत असं कुणी म्हणालं तर त्या माणसापासून सावध राहा. आणि एक अगदी व्यवहाराची गोष्ट: पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेत दहा वर्षांची नोकरी भरली की पेन्शनचा हक्क मिळतो. तुमची नऊ झाली आहेत. वर्षभर थांबण्यात तुमचं काहीच बुडत नाही. तुमच्या आईच्या औषधांचा खर्च तुम्ही स्वतःच पत्रात लिहिलाय. देवाला अर्पण केलं असं म्हणून आईबापांना द्यायचं ते अडवून धरणाऱ्यांना प्रभू काय म्हणाला ते मार्काच्या सातव्या अध्यायात वाचा. तिथं त्याचा सूर कडक आहे.

शुक्रवारच्या उपासाबद्दल मला तुम्हाला विनवायचंय. पाणी न पिता, उन्हाळ्यात, चालू लेथसमोर उभं राहू नका. घेरी आली आणि बाही चकमध्ये गेली तर काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. उपास सुट्टीच्या दिवशी करा, पाणी प्या, आणि त्या वेळात पंधरा मिनिटं काहीही न मागता बसा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. पहिले काही दिवस डोक्यात शॉपमधला गोंगाटच असेल, हप्ते, शिफ्ट, ग्रुपमधली बोलणी. त्यानं घाबरू नका, दिरांचे पहिले सहा महिने आठवा. एक वही ठेवा. यिर्मयाचा अध्याय वाचून जे एखादं वाक्य मनात राहील ते तारीख घालून लिहा, त्या दिवशी ज्याच्याशी चुकलात त्याचं नाव लिहा, ज्याची आठवण झाली त्याचं नाव लिहा. महिन्याभरानं मागं उलटून वाचा. मी बावीस वर्षं अशी वही ठेवते आहे. त्यावरून एक खूण मी सांगू शकते: माझ्या वहीत जे देवाकडचं ठरलं त्यातलं बहुतेक ‘हिला जाऊन भेट’, ‘त्याची माफी माग’, ‘हे पैसे परत कर’ असल्या साध्या कामांचं होतं. ते केलं की पुढचं थोडं दिसायचं. ज्या आवाजात ‘आत्ताच, नाहीतर कायमचं गेलं’ असा धाक होता तो बहुतेक वेळा माझ्याच भीतीचा निघाला. मन फार खचलेलं असताना मोठा निर्णय बदलू नये असं इग्नेशियस लोयोला या संतानं सोळाव्या शतकात सांगून ठेवलंय. तो कॅथलिक, आपण मेथडिस्ट, पण हे त्याचं मी पाळते.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी दोन ओळी. घरात कुणाला आवाज स्पष्ट कानानं ऐकू येत असतील, झोप उडाली असेल, तो आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल, तर प्रार्थना चालू ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आपल्याला जवळ आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर फोन फुकट लागतो. तिथं नेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. तुमच्या बाबतीत, बंधू, मला असं काही दिसत नाही. तुम्ही थकलेले आहात आणि घाबरलेले आहात.

शेवटी जे मला सगळ्यात आधी लिहायचं होतं ते. तुमचं पत्र चार पानांचं आहे. प्रवचनकारांची वाक्यं त्यात आहेत, मित्रांची आहेत, चिठ्ठीवरचं वचन आहे. तुमच्या पत्नीवर एक ओळ आहे: ‘ती नुसती रडते.’ मी सगळं पत्र पुन्हा शोधलं, ती काय म्हणते ते कुठंच नाही. दोन वर्षं घर, सासू आणि लेक एकटीनं सांभाळायची तिला आहे, आणि तिलाही पवित्र आत्मा मिळालेला आहे, तुमच्याच वेदीसमोर तिनं तुमचा हात धरलाय. योसेफाला स्वप्नं पडली हे खरं, पण त्यातलं एकही स्वप्न मरीयेला आणि लेकराला मागं सोडून जा असं सांगत नव्हतं. प्रत्येक वेळी त्यांना बरोबर घेऊनच उठायचं होतं.

तेव्हा येत्या रविवारी उपासनेनंतर मुलीला आईजवळ ठेवा आणि दोघंच नदीपर्यंत चालत जा. तिला विचारा, तुला काय वाटतं, आणि मग ती थांबेपर्यंत बोलू नका. मध्येच वचन सांगू नका, मित्रांचं काही सांगू नका. ती गप्प राहिली तर तुम्हीही गप्प राहा. घरी आल्यावर ती जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत वहीत लिहा, आणि तिला वाचून दाखवा, बरोबर लिहिलंय का म्हणून. मलाही पाठवा. मी वाट बघते.

तुमची,
ताई